भिंतीवरची माणसे

काही दिवसांपूर्वी एका स्नेह्यांच्या नूतन वास्तूच्या वास्तुशांतीस जाण्याचा योग आम्हांस आला. दिवाणखान्यात समोरच्याच भिंतीवर एक भव्य छायाचित्र टांगलेले होते. बोरघाटात लोहमार्गाचे काम चालू असतानाचे ते जुने चित्र. अर्धवट फोडलेला कडा, लाकडी पहाड आणि पायथ्याशी मुंग्यांएवढी दिसणारी माणसे. इतरांप्रमाणे आम्हीही त्या तपकिरी छटेची व चौकटीची स्तुती केली. तेवढ्यात यजमानांच्या वृद्ध आत्याबाईंनी चष्मा सावरीत विचारले, "ही माणसं कोणाची रे?" यजमान म्हणाले, "आत्या, कोणाची नाहीत ती. चित्रातली आहेत." सारे हसले, आम्हीही हसलो. परंतु घरी परतल्यावर ते उत्तर काही केल्या मनातून जाईना.

दुसऱ्याच्या कष्टांचे चित्र आपल्या घराचा अलंकार करावे काय, असा हा प्रश्न आहे. तो क्षुल्लक नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम ती माणसे कोण होती ते पाहू. १८५३ साली मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धावली. पण सह्याद्री ओलांडल्यावाचून दख्खनचा कापूस मुंबई बंदरास जलद पोचणार नव्हता. म्हणून १८५६ साली बोरघाटाचे काम सुरू झाले. कर्जतच्या बाजूने वर चढणाऱ्या या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट असा होता आणि त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ साली येथे ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. पुरुषांबरोबर स्त्रिया होत्या, मुलेही होती. सुरुंगाची भोके पाडणे, दगड फोडणे, माती वाहणे ही त्यांची कामे. १८५९ च्या आरंभी मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर अल्पावधीतच मरण पावले व त्यांच्या पत्नी एलिस यांनी ठेका पुढे चालविला. पटकीच्या साथीने मजुरांचे किती संसार उद्ध्वस्त केले, त्याची गणती नावानिशी कोणी ठेवली नाही. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट वाहतुकीस खुला झाला. अभियंत्याचे नाव इतिहासात राहिले, ठेकेदारांचे राहिले; टोपली वाहणाऱ्यांचे राहिले नाही.

त्या काळच्या छायाचित्रणाचीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. काचेवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. जो निश्चल उभा राही तो स्पष्ट उमटे; जो हालचाल करी तो पुसट होई. म्हणजे चित्रात ठसठशीत दिसणारा मनुष्य हा त्या क्षणी काम थांबवून उभा राहिलेला असे. जो राबतच राहिला, त्याची केवळ धूसर छाया उरली.

यावर कोणी म्हणतील, "वेरूळचे कैलास लेणे पाहताना आपण पाथरवटांची नावे विचारतो काय? मग आगगाडीनेच काय पाप केले?" आक्षेप योग्य आहे. आणखी असे, की बेळगावहून मुंबईस जाणारे आपण सारे त्याच घाटातून उतरतो. ज्याने गाडीत बसावे त्यानेच चित्रास नाक मुरडावे, हा शुद्ध दांभिकपणा होईल. चित्र भिंतीवरून उतरविल्याने एकाही मजुराचे ऋण फिटत नाही. उलट ती माणसे दुसऱ्यांदा दृष्टिआड होतात.

तेव्हा दोष चित्र लावण्यात नाही, आणि त्याच्या सौंदर्याने मन प्रसन्न होण्यातही नाही. दोष आहे तो "कोणाची नाहीत" या उत्तरात. लेण्याचे आपण कौतुक करतो ते कोरणाऱ्या हातांचे कौतुक असते. येथे मात्र हात डोळ्यांसमोर असूनही आपण चौकटीचे कौतुक केले. माणूस समोर दिसत असता त्यास शोभेची वस्तू मानणे, हा अन्याय त्या मजुरांनी जिवंतपणी सोसला होता. तोच आपण आपल्या भिंतीवर पुन्हा करावा काय?

आपल्या तर्पणविधीत स्वकीय पितरांस उदक दिल्यावर, ज्यांस कोणीही उरले नाही अशांसाठीही ओंजळ सोडण्याची चाल आहे. त्यांची नावे, गोत्रे आपणांस ठाऊक नसतात. तरीही ते कोणाचेच नव्हते असे आपण म्हणत नाही. हीच दृष्टी दिवाणखान्यात का नसावी?

आमची सूचना साधी आहे. असे चित्र ज्यांच्या घरी असेल त्यांनी त्याखाली दोन ओळींची पट्टी लावावी: स्थळ कोणते, वर्षे कोणती आणि येथे किती माणसे राबली. घरातील मूल विचारील तेव्हा त्यास उत्तर देता यावे, एवढाच हेतू. त्या स्नेह्यांस आम्ही हे सांगितले, आणि आपणही त्या दिवशी हसलो होतो हेही कबूल केले. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "पट्टीवरचा मजकूर आत्यालाच वाचून दाखवू."