दोष कोणाचा?

मनुष्याची परीक्षा मोठ्या संकटात होते, असे सामान्यतः म्हटले जाते. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. मोठ्या संकटात मनुष्य सावध असतो. चार लोक आपल्याकडे पाहत आहेत ही जाणीव त्याला सावरून धरते. उलट कुलूप उघडत नाही, पेन उमटत नाही, किंवा लॅपटॉपच्या पडद्यावरील बाण हातासरशी हलत नाही, अशा क्षुल्लक अडचणीत तो बेसावध असतो आणि त्याचा खरा स्वभाव अशा वेळीच बाहेर पडतो. आमच्या स्वभावाचे असेच एक दर्शन आम्हांस गेल्या उन्हाळ्यात घडले. ते फारसे सुखकारक नव्हते. तथापि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो सर्वांच्याच घरातला आहे, म्हणून येथे मांडीत आहो. प्रश्न असा की, काही बिघडले असता प्रथम काय विचारावे? ‘हे कशाने झाले?’ हे, की ‘हे कोणी केले?’ हे?

प्रथम हकीकत सांगतो. आम्ही जालन्यास राहतो. अंबड तालुक्यातील एका खेड्यातला, आमच्या दूरच्या नात्यातला एक मुलगा शिक्षणासाठी आमच्या घरी असतो. मुलगा अबोल व कष्टाळू आहे. सकाळी आमचे मेज झाडणे आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणे ही कामे त्याने न सांगता आपल्याकडे घेतली आहेत. अभ्यासासाठी तो अधूनमधून आमचा लॅपटॉप वापरीत असे. एप्रिल महिन्यात एके दिवशी आम्ही परीक्षेचे काम करीत बसलो असता टचपॅडवर बोट फिरविले की बाण भलतीकडेच उडू लागला. एका शब्दावर नेऊन ठेवावा तर तो वितभर पलीकडे जाई. कधी थबके, कधी थरथरे. घटकाभर झगडल्यावर आमची नजर त्या मुलाकडे वळली. “तूच कुठेतरी पाडला असशील,” असे आम्ही त्याला म्हणालो. “नाही हो काका, मी नाही पाडला,” असे तो एकदाच म्हणाला आणि गप्प झाला. आम्ही त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा केला.

त्यानंतर त्याने लॅपटॉपला हात लावला नाही. आपला शिष्यवृत्तीचा अर्ज त्याने बाजारातील एका दुकानात पैसे देऊन भरला, हे आम्हांस पुष्कळ दिवसांनी कळले.

इकडे आमच्या यंत्राची अवस्था काही सुधारेना. टचपॅड बिघडला असे ठरवून आम्ही बिनतारी माऊस विकत आणला, तर तोही अडखळू लागला! येथे त्या यंत्राविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. डग्लस एंगलबर्ट या अमेरिकन संशोधकाच्या कल्पनेवरून 1964 च्या सुमारास जो पहिला माऊस तयार झाला, तो लाकडी पेटीला दोन चाके लावलेला होता. पुढे चाकांच्या जागी गोळी आली, आणि हल्ली गोळीच्या जागी प्रकाश आला आहे. आजच्या माऊसच्या पोटाशी एक चिमुकला दिवा व एक चिमुकला कॅमेरा असतो. तो कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून आपण किती व कोठे सरकलो हे ठरवितो. सारांश, माऊसला हात कळत नाही. त्याला फक्त खालची जमीन कळते. जमिनीवर ओळखण्याजोग्या खुणा नसल्या तर तो वाट चुकतो. आमच्या मेजावर काच होती! काचेवर त्या बिचाऱ्याने पाहावे तरी काय? एका जुन्या वहीचा पुठ्ठा खाली ठेवताच त्याची निम्मी अडखळ गेली. माऊस उलटा करून पाहिला तेव्हा त्याच्या भिंगाच्या खळग्यात एक केस अडकलेला दिसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

उरलेल्या निम्म्या अडखळीचे कारण आणखी मौजेचे निघाले. बिनतारी माऊसचा जो लहानसा खडा लॅपटॉपला लावतात, त्याच्या शेजारच्याच खाचेत आम्ही टिपणे साठविण्याची हार्डडिस्क जोडली होती. असल्या जलद उपकरणांच्या तारेतून जो विद्युत्-गोंगाट बाहेर पडतो, तो माऊस ज्या लहरींवर बोलतो त्याच लहरींत मिसळतो. दोघे शेजारी बसले की एकाच्या आरडाओरड्यात दुसऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. खडा काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूस लावला आणि माऊस वठणीवर आला. ज्या वाचकांस हीच पीडा असेल त्यांनी सेल उतरले आहेत काय, आणि पाठीमागे एखादे अवजड काम चालू असल्याने सारा लॅपटॉपच मंदावला आहे काय, हेही पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही पहिल्या दिवशी पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या; त्यामुळे कशाने काय झाले हे आम्हांस काहीच कळले नव्हते.

माऊस सुधारला, पण टचपॅडचे उडणे कायम होते. एके दिवशी दुपारी वीज गेली. पंखा व कूलर बंद झाले. घामाने भिजत आम्ही बॅटरीवर काम करीत राहिलो, आणि चमत्कार असा की, बाण बोटासरशी शहाण्यासारखा चालू लागला. तासाभराने वीज आली आणि बाण पुन्हा उडू लागला. आम्ही चकित होऊन मोठ्याने काहीतरी पुटपुटलो असू. दाराशी उभा असलेला तो मुलगा हळूच म्हणाला, “काका, लाइट गेली की तो नीटच चालतो. चार्जर काढला तरी नीट चालतो.”

“तुला हे केव्हापासून ठाऊक आहे?”

“पहिल्यापासून.”

“मग सांगितले का नाहीस?”

त्याने उत्तर दिले नाही. ते देण्याची आवश्यकताही नव्हती. ज्याला आपण आरोपी केले, त्याची साक्ष आपणच बुडविली होती. तो काही बोलता तर आम्ही त्याला सबब म्हटले असते.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलाविले. त्याने चार्जर पाहिला नाही, लॅपटॉप पाहिला नाही. तो थेट घरामागील अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला. मीठ व कोळसा भरून केलेला तो खड्डा वर्षानुवर्षे कोरडा ठणठणीत होता आणि त्यातून घराकडे येणारी तार सांध्यापाशी गंजून तुटली होती. ज्या शिल्लक विजेने चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून मुकाट्याने जमिनीत जावयाचे, ती जाण्यास वाट नसल्याने लॅपटॉपच्या अंगावरच रेंगाळत होती. टचपॅड हा बोटाच्या स्पर्शाने विद्युत्-भारात होणारा अतिसूक्ष्म फरक ओळखून चालतो. त्या रेंगाळणाऱ्या विजेच्या गलबल्यात त्याला बोट कोठे आहे हेच समजत नव्हते. चार्जर लावला असता लॅपटॉपच्या धातूवर हात फिरविला की मुंग्या आल्यासारखे होई, हे आम्हांस कित्येक दिवस जाणवत होते. पण आम्ही ते वयाच्या नावावर घातले होते!

वायरमन जाता जाता म्हणाला, “साहेब, टचपॅडचं सोडा. कूलरमध्ये बिघाड होऊन वीज पत्र्यात उतरली असती तर?” कूलरमध्ये पाणी रोज कोण भरीत होते, हे वाचकांस वर सांगितलेच आहे. ज्या दोषाचे खापर आम्ही त्या मुलाच्या माथी फोडले होते, त्याच दोषाने त्याच्या जिवावर बेतू शकले असते.

येथे हकीकत संपते आणि विचारास आरंभ होतो. आपल्या भाषेत ‘न्याय’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कचेरीत मिळतो तोही न्याय, आणि गौतमाच्या दर्शनाचे नावही न्याय. इतकी वर्षे हे केवळ नामसादृश्य आहे असे आम्ही मानीत होतो. आता आम्हांस वाटते की, या दोन अर्थांची नाळ एकच आहे. आमच्या तार्किकांनी कारण निश्चित करण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी सांगितली: जे असता कार्य होते आणि जे नसता होत नाही, ते कारण. मिल्लने 1843 साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात हीच रीत आपल्या परीने मांडली. वर्गात ही रीत शिकविताना आम्ही धूर व अग्नी यांचे उदाहरण देत आलो. पण घरात चार्जर असता बिघाड, नसता बिघाड नाही, इतका उघड अन्वय-व्यतिरेक समोर असताना तो आमच्या ध्यानात आला नाही. तो न शिकलेल्या मुलाच्या ध्यानात आला. कारण तो कारण शोधीत होता आणि आम्ही गुन्हेगार शोधीत होतो.

कोणी म्हणेल, हा दोष अर्धवट शिक्षणाचा आहे. शास्त्रज्ञांच्या हातून असे घडत नाही. इतिहास तसे सांगत नाही. ग्रिनिच येथील वेधशाळेचा मुख्य ज्योतिषी मॅस्केलीन याने 1796 साली किनब्रुक नावाच्या आपल्या साहाय्यकास कामावरून दूर केले. अपराध इतकाच की, तारा दुर्बिणीतील तारेवरून जाण्याची जी वेळ तो नोंदवी, ती मॅस्केलीनच्या वेळेहून सुमारे आठ दशांश सेकंद उशिराची असे. सूचना दिली तरी फरक जाईना. तेव्हा तो निष्काळजी ठरला. पुढे 1820 नंतर बेसेल या जर्मन ज्योतिषाने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, आणि डोळा, कान व मन यांचा मेळ घालण्यास प्रत्येकास थोडा निराळा वेळ लागतो असे दाखविले. म्हणजे तो फरक निष्काळजीपणाचा नव्हता, तो मनुष्यपणाचा होता. पण बेसेलचा निर्णय ऐकावयास किनब्रुक या जगात नव्हता. शास्त्राने आपली चूक दुरुस्त केली. त्या माणसाची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

यावर एक वजनदार आक्षेप निघतो. प्रत्येक दोषाचे कारण यंत्रात, तारेत किंवा परिस्थितीत शोधू लागलो, तर मनुष्याच्या अंगी जबाबदारी म्हणून काही उरणारच नाही; चोरही म्हणेल की माझी अर्थिंगची तार तुटली होती. आक्षेप खरा आहे, पण तो आमच्या म्हणण्यावर लागू पडत नाही. कारण शोधल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही. ती योग्य पत्त्यावर जाते. आमच्याच प्रकरणात पाहा. तार मुलाने तोडली नव्हती, ती गंजली होती. पण खड्ड्याची देखरेख कोणाकडे होती? घर आमचे, खड्डा आमचा. शोधाच्या शेवटी दोषी सापडलाच, आणि तो आरोप करणाराच होता. कदाचित म्हणूनच आम्हां वडीलधाऱ्यांस कारणापेक्षा गुन्हेगार शोधणे अधिक सोयीचे वाटत असावे. गुन्हेगार आपल्याहून लहान माणसांत शोधता येतो. कारण मात्र पुष्कळदा आपल्या दाराशी येऊन थांबते.

आमच्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात लेखणी, शाई व कागद यांच्या सिद्धतेचा असा बारकाईने विचार कशाला, असे तरुणपणी आम्हांस वाटे. आज त्याचे मर्म थोडे कळते. साधनाची निगा राखणे हा परमार्थाबाहेरचा विषय नव्हे. जो आपल्या साधनांची निगा राखीत नाही, तो त्यांच्या बिघाडाचे प्रायश्चित्त दुसऱ्यास देतो. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपण हसत सांगतो, पण अंगणाऐवजी माणसास वाकडे ठरविले की ती हसण्याजोगी राहत नाही.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. वयाने लहान असलेल्याची क्षमा मागण्याची आमच्या पिढीस सवय नाही. शब्द बाहेर येण्यास वेळ लागला. तो संकोचून म्हणाला, “असू द्या काका.” या दोन शब्दांनी ऋण फिटले असे आम्ही समजत नाही. त्याने अर्जासाठी दिलेले पैसे परत करता आले. ज्या दिवसांत तो या घरात दोषी म्हणून वावरला ते दिवस परत करता येत नाहीत. इतके मात्र करता येते की, पुढच्या वेळी काही बिघडले तर पहिला प्रश्न ‘कोणी?’ हा न विचारता ‘कशाने?’ हा विचारावा, आणि तो घरातल्या लहानात लहान माणसासही विचारावा.

वायरमन सांगून गेला आहे की, अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. जालन्यात उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावे लागते. तरी दर रविवारी एक बादली आम्ही तिकडे नेतो. पहिल्या रविवारी तो मुलगा बादली घ्यावयास पुढे झाला. आम्ही ती त्याला दिली नाही.