कोपांत दयेची आठवण

शास्त्रभाग : हबक्कूक, अध्याय ३



संकटाच्या दिवसांत देवाजवळ दया कशी मागावी, हें शिकावयाचें असेल तर हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाकडे वळावें, असें आम्हांस वाटतें. पुस्तक अवघ्या तीन अध्यायांचें. तरी तें आपल्या मंडळ्यांत क्वचितच उघडलें जातें. आणि उघडलें तरी दुसऱ्या अध्यायांतील विश्वासाविषयींचें जें वचन पौलानें रोमकरांस व गलतीकरांस लिहितांना घेतलें, तेवढें वाचून पुन्हां मिटलें जातें. तिसरा अध्याय, जो सबंध प्रार्थनाच आहे, तो तसाच राहतो.

ही प्रार्थना कोणत्या दिवसांत झाली तें आधीं पाहूं. बहुतेक विद्वान हबक्कूकाचा काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीस धरितात. ख्रि. पू. ६०९ मध्यें देवभीरु राजा योशीया मगिद्दो येथें मिसराच्या फारो नखोच्या हातून मारला गेला. पुढें नखोनें यहूदावर शंभर किक्कार रुपें व एक किक्कार सोनें असा दंड बसविला आणि यहोयाकीम ह्यास गादीवर बसविलें. ह्या राजानें तो पैसा कोठून आणिला? देशांतील लोकांवर पट्टी बसवून तो वसूल केला, असें राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत लिहिलें आहे. आणि प्रजा अशी पिळली जात असतां त्यानें स्वतःसाठीं गंधसरूच्या लाकडानें मढविलेला प्रशस्त वाडा बांधिला, व बांधणाऱ्यांस मजुरी दिली नाहीं. ह्याबद्दल यिर्मयानें त्याला कडक शब्दांत दोष दिला आहे. राजाच जेथें मजुराचा घाम फुकट घेतो, तेथें वेशींत न्याय कोठून मिळणार?

म्हणून हबक्कूकाचें पहिलें बोलणें स्तुतीचें नाहीं. तें गाऱ्हाणें आहे. आम्हीं किती वेळ ओरडावें आणि तूं ऐकूं नयेस, असें तो देवालाच विचारतो. बंधूंनो, देवाजवळ असें बोलणें म्हणजे अविश्वास, अशी आपल्यांतील पुष्कळांची समजूत आहे. पण हें गाऱ्हाणें पवित्र शास्त्रांत आलें आहे, आणि त्याबद्दल देवानें संदेष्ट्याला धमकाविल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. देवानें त्याला उत्तर दिलें. उत्तर मात्र गाऱ्हाण्याहून भयंकर होतें. देव खास्दी लोकांस उठविणार होता. ख्रि. पू. ६०५ मध्यें ह्याच खास्दी लोकांच्या बाबेली फौजेनें कर्कमीश येथें मिसराची शक्ति मोडली. संदेष्टा म्हणतो, हे लोक तर माणसांस मासळीप्रमाणें जाळ्यांत ओढितात आणि मग त्या जाळ्याचीच पूजा करितात! घरांतील जुलूम मोडावा म्हणून विनंति करावी, आणि बाहेरून त्याहून मोठा जुलूम दारीं यावा, असा हा प्रसंग होता.

अशा वेळीं त्यानें जी दया मागितली तिचे शब्द इब्री भाषेंत फार थोडे आहेत. कोपांत दया आठव, एवढ्याच अर्थाचे ते तीन शब्द. त्यांतील ‘कोप’ ह्या अर्थाचा शब्द ‘रोगेझ’ असा आहे, आणि त्याचा मूळ अर्थ थरथर, खळबळ, उलथापालथ असा होतो. ह्याच धातूचीं रूपें पुढें त्याच अध्यायांत पुन्हां येतात : मिद्यानाचे तंबू थरथरले तेथें, आणि संदेष्ट्याचें स्वतःचें पोट व पाय कांपले तेथेंही. देवाचा कोप, देशाची उलथापालथ आणि भक्ताच्या अंगाचा कांपरा, ह्या तिहींसाठीं त्यानें एकच धातु वापरला आहे. दुसरा शब्द ‘रहेम’. आपल्याकडे बाजारांत, बोलण्यांत ‘रहम’ हा शब्द ऐकूं येतो, तो अरबी भाषेंतून आलेला. अरबी आणि इब्री ह्या बहिणीच आहेत, व हा शब्द दोघींच्या घरचा आहे. इब्रींत आईच्या गर्भाशयाला ‘रेहेम’ म्हणतात. शलमोनापुढें दोन स्त्रिया एका मुलासाठीं भांडत आल्या आणि राजानें तलवार मागविली, तेव्हां खऱ्या आईची आंतडीं तुटलीं. तेथें हाच शब्द आहे. तेव्हां न्यायाधीशानें दंड थोडा कमी करावा, एवढेंच हबक्कूक मागत नाहीं. आईला पोटच्या मुलाविषयीं जें होतें, तें तुझ्या कोपाच्या भर मध्यावर तुला आठवो, असें तो म्हणतो.

आतां आम्हीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या सेवेच्या आरंभींच्या वर्षांत एका खेड्यांतील मंडळीच्या ज्वारीवर ऐन हुरड्याच्या दिवसांत गारा पडल्या. पुढच्या रविवारीं आम्हीं तेथें उपासना चालविली. सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलेलों असल्यामुळें प्रत्येक गोष्टीचें कारण दाखवून देण्याचा आम्हांस मोठा उत्साह होता. मंडळी दशांश देण्यांत कसूर करिते, प्रार्थनेस येत नाहीं, म्हणून देवानें हात उगारला, असें आम्हीं सांगितलें. उपासनेनंतर एक म्हाताऱ्या बाई काठी टेकीत जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “पाळकसाहेब, गारा काय आमचीच वावरं बघून पडल्या व्हय? समद्या शिवारावर पडल्या की. तुमी कारण नका सांगू. देवापाशी आमच्यासाठी दोन शब्द बोला.” त्या दिवशीं आम्हांपाशीं उपदेश होता, पण ते दोन शब्द नव्हते. ती लाज अजून गेलेली नाहीं.

पुढें हा अध्याय पुन्हां वाचतांना त्या बाई आम्हांस आठवल्या. आपल्या लोकांचें पाप हबक्कूकाला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पहिल्या अध्यायांत त्यानें तें स्पष्ट सांगितलें आहे. दुसऱ्या अध्यायांत पांच वेळां हाय हाय म्हणून लुटारूंचा व रक्तानें नगर बांधणाऱ्यांचा निषेध केला आहे. देवाला कोप येतच नाहीं असें जो म्हणतो, त्यानें मजुरी बुडालेल्या माणसाचें रडणें कधीं ऐकिलेलें नसतें. परंतु प्रार्थनेस उभा राहिल्यावर कोणाच्या वांट्यास किती दोष, ह्याचा हिशेब तो मांडीत नाहीं. तो कांहीं देऊंही करीत नाहीं. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं पूर्वीं नवस बोलण्याची चाल होती, आणि ती जिभेवरून गेली तरी मनांतून लवकर जात नाहीं : देवा, एवढें पीक हातीं लागूं दे, म्हणजे मी अमुक देईन. हबक्कूकाच्या प्रार्थनेंत अमुक नाहीं. आपलें पुण्यही त्यानें पुढें केलेलें नाहीं. देवानें पूर्वीं जें केलें तें मीं ऐकिलें आहे, एवढाच त्याचा आधार. तेमान व पारान येथून, म्हणजे सीनायाच्या दिशेकडून, देव आपल्या लोकांस सोडवावयास कसा आला, ह्याचेंच वर्णन मग तो करीत राहतो. आणि तें काम ह्या वर्षांच्या मध्यें, आम्हीं जगत आहों त्याच वर्षांत, पुन्हां जिवंत कर, अशी त्याची विनंति आहे.

अध्यायाच्या शेवटीं जें येतें तें शेतकऱ्यानें सावकाश वाचावें. अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा : एकेक रिकामें होत जातें. त्या देशांत पाऊस हिवाळ्यांत पडतो. जव व गहूं वसंतांत कापणीस येतात, द्राक्षें व अंजीर उन्हाळ्याच्या शेवटीं, आणि जैतून नव्या पावसाच्या तोंडाशीं. म्हणजे हें एका हंगामाचें नुकसान नव्हे. वर्षाचा एकही महिना भरला नाहीं. जैतून गेलें म्हणजे स्वयंपाकाचें तेल गेलें व दिवाही गेला. मेंढरें गेलीं म्हणजे दूध व लोंकर गेली. गोठ्यांत बैल नाहीं म्हणजे पुढच्या पेरणीची आशाही गेली. संदेष्टा हें जाणून बोलत आहे. त्याचे ओंठ कांपतात, हाडें कुजल्यासारखीं होतात, असें तो स्वतःच सांगतो. आणि तो कांपरा थांबण्याची वाट न पाहतां, मी परमेश्वराच्या ठायीं आनंद करीन, असें म्हणतो. कड्यावर हरिणीचे पाय जसे ठरतात तसे माझे ठरतील, एवढें त्याला पुरे होतें. कडा सपाट होईल, असें तो म्हणत नाहीं.

तसा तो झालाही नाहीं. ख्रि. पू. ५९७ मध्यें यरुशलेम बाबेलाच्या स्वाधीन झालें, आणि ५८६ मध्यें मंदिर जळालें. मग त्या प्रार्थनेचें काय झालें, असें कोणी उपदेशकाला विचारील. त्यानें विलापगीताचा तिसरा अध्याय उघडून दाखवावा. ओसाड पडलेल्या नगराचा तो शोक आहे, आणि त्याच्या मधोमध, परमेश्वराचे ‘रहमीम’ संपले नाहींत, असें लिहिलें आहे. हबक्कूकानें मागितलेला तोच शब्द, आईच्या पोटांतला, राखेंत बसलेल्या मनुष्याच्या तोंडीं आला आहे.

एक लहान सूचना करून थांबतों. ह्या प्रार्थनेच्या शेवटीं ती मुख्य गवयाकडे सोंपविल्याचें, तंतुवाद्यांवर म्हणावयाचें लिहिलें आहे. म्हणजे ती एकट्याच्या कोपऱ्यासाठीं नसून मंडळीसाठीं आहे. मध्यें तीन ठिकाणीं ‘सेला’ हा शब्द आहे, जो स्तोत्रें सोडल्यास शास्त्रांत दुसरीकडे कोठेंही नाहीं. ती विरामाची खूण असावी असें पुष्कळ जण समजतात. येत्या रविवारीं उपदेशक बंधूंनीं हा अध्याय मोठ्यानें वाचावा, आणि त्या तिन्ही ठिकाणीं खरोखरच थांबावें. तेवढ्या वेळांत गांवांतील ज्याचा गोठा रिकामा झाला असेल त्याचें नांव मंडळीनें मनांत देवापुढें न्यावें; तो मंडळीचा असो वा नसो.