धारेची पळवाट

रंध्याचं पातं दगडावर घासताना मला जे सुख मिळतं, ते बाण तयार झाल्यावर मिळत नाही. पात्याचा निकाल लगेच लागतो. नखावर टेकवलं की ते घसरत नाही, रुतून राहतं. बाणाच्या काडीचं तसं नाही. चौकोनी पट्टीचे कोपरे काढून अष्टकोन करायचा, पुन्हा कोपरे काढून सोळा बाजू, मग गोल. आणि एवढं करून ती सरळ जाते की नाही, हे धनुष्याला लावल्यावरच ठरणार.

म्हणून मी धार लावत बसतो. ‘हत्यार नीट नको का?’ हे उत्तर तोंडपाठ आहे. ते खोटंही नाही. बोथट पातं लाकडाचे तंतू उपटतं, आणि तंतू तुटलेली काडी दोरी सुटताच मोडून धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. पॉलिश कागद मारला की वरून मात्र काहीच दिसत नाही. तेव्हा धार हवीच. पण रोज? तीही कालपासून लाकडाला न लागलेल्या पात्याला?

आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला, ५ हजार वर्षांपूर्वीचा ओत्झी नावाचा गोठलेला माणूस हा माझा आवडता साक्षीदार. त्याच्या भात्यात १४ बाण होते. पुरे झालेले दोनच, तेही मोडलेले. बाकी १२ नुसत्या काड्या. जवळ गारगोटीच्या हत्यारांना धार काढायची पेन्सिलीसारखी वस्तू होती, लाकडात हरणाच्या शिंगाचा तुकडा बसवलेली. बघा, त्याचेही बाण अर्धवटच की! असं म्हणत मी स्वतःला बरंच सोडलं आहे.

साक्ष मात्र मी सोयीपुरतीच वाचली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याची हत्यारं पुन्हा पुन्हा धार काढून जवळपास संपत आली होती. नवी गारगोटी त्याला बरेच दिवस मिळाली नसावी. धनुष्य अपुरं, आणि डाव्या खांद्यात दुसऱ्या कुणाच्या तरी बाणाचं टोक. त्याला वेळच मिळाला नाही. माझ्याकडे दगड आहेत, तेल आहे, चामड्याचा पट्टा आहे आणि रविवार मोकळा आहे.

मग मी टाळतो ते काय? वाकडी निघालेली काडी. तिचा दोष पात्यावर ढकलता येणार नाही, इतकं पातं मी चांगलं राखलं आहे.