आश्रित आणि बांडगूळ

बारामती व इंदापूर हे तालुके पावसाच्या बाबतीत दैवाने मागे ठेवलेले आहेत. सह्याद्रीने अडवून घेतलेल्या ढगांचे उरलेसुरले काय ते येथे पोचते. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर. अशा मुलखात झाडांच्या खोडांवरील शेवाळ आणि दगडफूल पाहण्यास निघालेल्या आम्हांस हसू नये तर काय करावे, असे एका स्नेह्यांस वाटले. तथापि १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या कोरड्या भूमीत ओलाव्याची एक रेघ ओढून ठेविली आहे. तिच्या काठाने भाद्रपदातील दोन सकाळी आम्ही हिंडलो, आणि आमचा वेळ वाया गेला नाही.

शेवाळ झाडाच्या उत्तरेकडील अंगास वाढते, असे आम्ही पुस्तकांत वाचले होते. येथील झाडांस तो नियम ठाऊक नसावा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथे माथ्याच्या उत्तरेसच असतो. तेव्हा उत्तरेची सावली ती कोठली? शेवाळ दिसले ते बुंध्याशी, सालीच्या भेगांत आणि फांदीच्या बेचक्यातून पाणी ओघळते त्या वाटेवर. ते दिशा सांगत नाही, ओल सांगते. त्याच्या वर, कोरड्या सालीवर, राखी व पांढरट चकत्या चिकटलेल्या होत्या. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल आपल्या घरोघरी ओळखीचे आहे. त्याच कुळातले हे गरीब भाऊबंद.

एका आमराईत मालक कोयत्याच्या पाठीने या चकत्या खरवडीत होते. झाड शेंड्याकडून वाळत चालले होते. ते म्हणाले, “ही खरूजच झाडाचा जीव घेतीया बघा!” आम्ही त्यांस सांगितले, की दगडफुलास मुळे नसतात, ते सालीवर बसते, परंतु सालीतून काही शोषीत नाही. पाऊस, दव, हवेतील धूळ आणि ऊन एवढ्यावर त्याचा प्रपंच चालतो. झाड खंगले, पाने झडली, खोडावर ऊन आले, म्हणून ते पसरले. त्यांनी कार्यास कारण मानले होते. खरे दुखणे पायाखाली होते. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे मुरून जमीन चिबड झाली होती आणि बांधाकडेला क्षाराचे पांढरे पूट आले होते. मुळेच गुदमरली होती. आणि वर एका फांदीवर बांडगुळाचा झुबका हिरवागार डोलत होता! त्याने लाकडात आपले मूळ रोवून झाडाचे पाणी चालविले होते. पण ते हिरवे, म्हणून झाडाचेच वाटले. रुक्ष, करडे ते अपराधी ठरले.

त्या मालकांस हसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आमच्या लहानपणी घरात वडिलांची एक विधवा आत्या होती. तिला आम्ही मोठ्यांचे ऐकून ‘बांडगूळ’ म्हणत असू; एकदा तिच्या कानांवर जाईल असे म्हटले. ती काही बोलली नाही. निवडीत होती ते तांदूळ निवडीत राहिली. पुढे घराचे दिवस फिरले ते कर्जाने, आणि कर्ज झाले होते ते घरातील ज्या कर्त्या पुरुषाचा आम्हांस अभिमान वाटे त्याच्या हातून.

आता तिचा कैवार घेण्याची सोपी रीत अशी, की ती पहाटेपासून राबत होती, म्हणजे खाल्ल्या अन्नाची फेड करीत होती, असे दाखवावे. ते खरेही आहे. परंतु त्या समर्थनाने आमचे समाधान होत नाही. ती अंथरुणास खिळली असती, तर तो शब्द न्याय्य ठरला असता काय? दगडफूल आंब्यास भाडे देत नाही. आणि आंबाही त्याच्यापायी काही गमावीत नाही. केवळ टेकण्यापुरती जागा मागणाऱ्याकडून उपयुक्ततेचा दाखला मागणे, ही हिशेबी वृत्ती आपल्यात कोठून आली?

सृष्टीतून नीती काढू नये, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो आम्हांस मान्य आहे. दगडफूल म्हणजे बुरशी व शैवाल यांचा एकत्र संसार, हे सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ ते १८६९ च्या सुमारास मांडले, तेव्हा त्याने बुरशीस धनी आणि शैवालास गुलाम म्हटले. पुढे इतरांनी त्याच संसारास सहजीवन म्हटले. शैवाल साखर देते, बुरशी आसरा देते. व्यवहार तोच, नावे मात्र पाहणाऱ्याच्या मनातली. झाड आपणांस धर्म शिकवीत नाही. ते एवढेच दाखविते, की नाव ठेवण्यापूर्वी आपण किती थोडे पाहिलेले असते.

निघताना मालकांनी कोयता खाली ठेवला होता आणि ते शेताच्या खालच्या अंगास चर खणता येईल काय, याचा विचार करीत होते. खरवडलेल्या सालीवर दगडफूल पुन्हा येईल. पण त्याची वाढ वर्षाला बहुधा काही मिलिमीटर. आमच्या आत्यास जाऊन आता बरीच वर्षे झाली. तो शब्द परत घेण्यास तेवढाही अवधी आम्हांस उरलेला नाही.