मालकाचे ताट आणि नोकराचा डबा

गेल्या पावसाळ्यात एका परिसंवादात एका व्यवस्थापन सल्लागारांनी ठणकावून सांगितले, की पृथ्वी तापत असताना कंपन्यांनी कामाच्या जागी मांसाहार बंद करणे हे कर्तव्यच आहे. टाळ्या पडल्या. मीही शाकाहारी, तोही प्राण्यांच्या वेदनेविषयी लिहिणारे तत्त्वज्ञ पीटर सिंगर वाचून झालेला, म्हणजे मला टाळी वाजवायला हरकत नव्हती. पण वाजवणाऱ्यांतले बहुतेक जन्माने शाकाहारी होते. स्वतःचे काहीही न सोडता जग वाचवायची सोय झाली तर कोणाला नको आहे?

सल्लागारांचा दाखला होता वीवर्कचा. जुलै 2018 मध्ये या अमेरिकी कंपनीने जाहीर केले, की कंपनीच्या कार्यक्रमांत मटण-चिकन मिळणार नाही आणि नोकरांच्या जेवणाच्या बिलात मांस असेल तर पैसे मिळणार नाहीत. पाच वर्षांत दीड कोटी प्राणी वाचतील, असा हिशेबही दिला. त्याच वर्षी कंपनीने सहा कोटी डॉलरहून महाग खासगी जेट घेतले, हे सल्लागार विसरले. कारकुनाचा बर्गर बंद, साहेबांचे विमान चालू!

हवामानाचा मुद्दा खोटा नाही. पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी 2018 मध्ये जगभरच्या सुमारे 38 हजार शेतांची माहिती तपासली, त्यात गोमांस सर्वांत वाईट ठरले. पण आपल्या कार्यालयांच्या कॅन्टीनमध्ये गोमांस शिजतेच कुठे? महाराष्ट्रात तर 2015 पासून बैलाची कत्तलही गुन्हा आहे. बंदी येते ती अंड्यावर, चिकनवर आणि बोंबलावर. त्याच अभ्यासात शंभर ग्रॅम प्रथिनांमागे अंड्याचे उत्सर्जन सुमारे चार किलो, कोंबडीचे सहाच्या आत आणि चीजचे जवळजवळ अकरा. पनीरही दुधाचेच, किलोला पाच-सहा लिटर दूध खाणारे. ऑम्लेट काढून पनीर मसाला वाढणाऱ्या कॅन्टीनने पर्यावरणाचे नाव न घेतलेले बरे.

मग राहते काय? राहतो अधिकार, आणि त्याविषयी एलिझाबेथ अँडरसन या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंएवढे नेमके कोणी बोललेले मला माहीत नाही. ‘प्रायव्हेट गव्हर्नमेंट’ (2017) या पुस्तकात त्या म्हणतात, की आपण सरकारच्या जुलमावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो, पण दिवसाचे आठ-दहा तास ज्याच्या हुकमतीत काढतो त्या मालकाला सत्ताधीश मानतच नाही. हेन्री फोर्डने पाच डॉलर रोजाचे आमिष दाखवले, आणि तो रोज कोणाला द्यायचा हे ठरवायला कामगारांच्या घरी तपासनीस पाठवले. घर स्वच्छ आहे का, दारू पितात का, काय खातात? सगळे सुधारणेच्या नावाखाली. ‘पटत नसेल तर नोकरी सोडा’ या ठरलेल्या उत्तराला बाईंचा जबाब असा, की इटालियनांना देश सोडता येत होता म्हणून मुसोलिनी हुकूमशहा नव्हता असे म्हणाल काय?

हे आपल्याकडे जास्तच लागू पडते. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले गोमांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली, कारण माणूस घरात काय खातो यात सरकारने डोकावू नये. पण एचआरच्या परिपत्रकाविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचे? 2014 मध्ये चेन्नईच्या ‘द हिंदू’ या वृत्तपत्राने कॅन्टीनमध्ये मांसाहारी जेवण आणायला मनाई केली, कारण काय, तर शाकाहारी बहुसंख्यांना त्रास होतो. इथे ना हवामान, ना कोंबडीची वेदना. आहे तो वास आणि विटाळ. गोमांस खाण्याचा अस्पृश्यतेच्या उगमाशी आंबेडकरांनी 1948 मध्ये जोडलेला संबंध इतिहासकारांना मान्य असो वा नसो, ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड त्यांनी अचूक पकडली. आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये 2023 साली सहा टेबले शाकाहाऱ्यांसाठी राखली गेली, आणि तिथे बसून मांसाहार करत निषेध नोंदवणाऱ्याला दहा हजारांचा दंड झाला.

एवढे लिहिल्यावर सिंगर कोपऱ्यातून विचारतात, की कोंबडीला कॅन्टीन समितीवर कोण घेणार? प्रश्न बिनतोड आहे. माणसांच्या स्वातंत्र्याच्या या सगळ्या गप्पांत मारली जाते ती तीच. म्हणून मी इतके कबूल करतो, की मालकाने स्वतःच्या पैशाने मांस विकत घ्यायलाच हवे असा कोणाचाही हक्क नाही. वीवर्कनेही घरचा डबा अडवला नव्हता, आणि तिथवर ती कंपनी आपल्या वृत्तपत्रापेक्षा सभ्य ठरते. मात्र वेदनेचे कारण सांगणाऱ्याने दूधही मोजावे, कारण सिंगर तेही मोजतात.

आणि ठरवायचे कोणी? अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन सक्तीचे करता यावे, अशी तरतूद 1948च्या कारखाने कायद्याच्या 46व्या कलमात केली गेली, तेव्हा व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी असावेत हेही तिथे लिहिले गेले. वातानुकूलित कार्यालयांना एवढेही सुचलेले दिसत नाही.

तुमच्या कार्यालयात असे परिपत्रक आले तर दोन गोष्टी विचारा. हा नियम संचालकांच्या मेजवानीला लागू आहे का? आणि माझ्या डब्याला लागू आहे का? पहिल्याला ‘नाही’ किंवा दुसऱ्याला ‘हो’ असे उत्तर आले, तर त्याखाली सही करू नका.