निजलेल्याचा जागा कान

मुंबईत रुळांना खेटून राहणाऱ्या कुणालाही विचारा, रात्री झोप लागते का? उत्तर ठरलेलं असतं : ‘सवय झाली.’ शेवटची लोकल जाते, मग मालगाडी धडधडत जाते, रुळांच्या दुरुस्तीचं काम निघतं आणि उजाडायच्या आत पहिली लोकल येते. तरी माणूस झोपतो. विमानतळाच्या भिंतीलगतच्या वस्तीत, हायवेच्या कडेच्या इमारतीत, मंगल कार्यालयामागच्या गल्लीतही हेच उत्तर मिळतं. ते देणारा खोटं बोलत नसतो. रात्री काय झालं ते त्याला खरोखरच आठवत नसतं. पण आपल्या शहरांनी या दोन शब्दांच्या भरवशावर फार मोठा कारभार चालवला आहे, आणि ते दोन शब्द अर्धेच खरे आहेत.

लंडनच्या हीथ्रोसह युरोपातल्या चार विमानतळांच्या आसपास राहणाऱ्या १४० जणांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं आपापल्या घरी, आपापल्या बिछान्यात झोपत. दंडाला रात्रभर रक्तदाब मोजणारा पट्टा आणि खोलीत आवाज नोंदवणारं यंत्र. खोलीतला आवाज ३५ डेसिबलच्या वर गेला की त्यापाठोपाठ रक्तदाब चढायचा, माणूस जागा झाला नसला तरी. ३५ डेसिबल म्हणजे कुजबुजीपेक्षा जरासा मोठा आवाज. तो विमानाचा आहे, रस्त्यावरच्या गाडीचा आहे की शेजारी घोरणाऱ्या जोडीदाराचा, याच्याशी रक्तदाबाला फारसं देणंघेणं नव्हतं.

‘सवय’ नेमकी कशाची होते, ते इथे कळतं. गोंगाटाच्या जागी राहायला गेलेला माणूस सुरुवातीला वारंवार दचकून उठतो. हळूहळू उठणं कमी होतं आणि सकाळी तक्रार उरत नाही. मात्र प्रत्येक आवाजासरशी नाडीची जी उसळी येते, ती बऱ्याच अंशी तशीच राहते. गाढ झोप जरा उथळ होते, माणूस कूस बदलतो, दोन-चार सेकंदांची जाग येऊन जाते आणि विस्मरणात बुडते. इतक्या छोट्या जागेची आठवण मेंदू ठेवत नाही. रात्रीत अशा कितीतरी जागा येऊन गेल्या तरी सकाळचा माणूस म्हणतो, एकसलग झोपलो.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. झोपलेल्या माणसाच्या कानावर पडलेला आवाज नेहमीच्याच वाटेने निघतो : आतला कान, श्रवणाची नस, मेंदूचं खोड आणि मग थॅलॅमस. जाणिवेकडे जाणाऱ्या बहुतेक सगळ्या वाटा या थॅलॅमसमधून जातात आणि झोपेत तो वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा वागतो. झोपेच्या मधल्या टप्प्यात मेंदूच्या आलेखावर भरभर थरथरणाऱ्या लहरींचे छोटे झुपके उमटतात. त्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात आणि त्यांचा उगम थॅलॅमसच्या जाळ्यात आहे. २०१० साली बोस्टनच्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना प्रयोगशाळेत झोपवलं. पहिली रात्र शांततेत गेली, पुढच्या दोन रात्री त्यांना फोनची घंटी, बोलणं, रहदारी असे आवाज ऐकवले. ज्यांच्या मेंदूत शांत रात्री स्पिंडल जास्त दिसले होते, त्यांची झोप गोंगाटातही जास्त टिकली. ‘याच्या कानाशी नगारा वाजवला तरी हा उठायचा नाही’ असं ज्याच्याबद्दल घरात बोललं जातं, त्याच्या मेंदूची घडणच काहीशी तशी असते. त्यावरून कमी झोपणाऱ्या भावाला ‘तुझेच नखरे फार’ म्हणणं अन्यायाचं आहे.

पहारेकरी मात्र सगळ्यांना सारखं अडवत नाही. १९६० साली ब्रिटनमध्ये इयन ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना टेपवरून एकामागून एक नावं ऐकवली. सगळी नावं सारख्याच आवाजात. स्वतःचं नाव आलं की मेंदूच्या आलेखावर मोठी लाट उसळे. आधी सांगून ठेवल्याप्रमाणे काही जण झोपेतच मूठ आवळत. इतर नावांना असा प्रतिसाद कमी मिळे, आणि तेच नाव टेप उलटी फिरवून ऐकवलं तर त्याचा प्रभाव ओसरे. झोपलेला मेंदू आवाज नुसता मोजत नाही. तो कुणाचा, कशासाठी, आपल्याशी त्याचा संबंध काय, एवढी विचारपूस करूनच उठायचं की नाही ते ठरवतो.

सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्र काढलेल्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे. सासऱ्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर चादर टाकून, तोंडावर पदर ओढून झोपलेली एक बाई मी तिथे पाहिली. स्ट्रेचरची चाकं तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून खडखडत गेली. टेबलावर कुणीतरी स्टीलचा ट्रे आपटला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकून खोकून बेजार झाला होता. ती हलली नाही. मग तिच्या सासऱ्यांनी नुसता घसा खाकरला, पाणी हा शब्दही पुरता उमटला नाही, आणि ती उठून बसली. डोळे धड उघडायच्या आत हात तांब्याकडे गेला होता. नव्या बाळंतिणीचंही असंच. वरात दारावरून वाजतगाजत जाते, तिला पत्ता नसतो. बाळ कुरकुरलं की ती जागी.

या पहाऱ्याची किंमतही असते. परक्या जागी पहिल्या रात्री झोप धड लागत नाही, हा अनुभव लग्नघरी मुक्काम केलेल्या प्रत्येकाचा आहे. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं दिसलं, की अशा पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा गोलार्ध उजव्यापेक्षा उथळ झोपतो आणि उजव्या कानाशी केलेल्या वेगळ्या आवाजाने माणूस लवकर जागा होतो. काही दिवसांनी तीच माणसं पुन्हा तिथे झोपली तेव्हा हा फरक मावळला होता. जागेची खात्री पटल्यावरच पहारा सैल होतो. ज्याला रात्री कुठल्या क्षणी काय वाजेल याची खात्री कधीच देता येत नाही, त्याचा पहारा सैल कसा व्हावा?

आता उठवण्याची गोष्ट. आगीची सूचना देणारा धुराचा अलार्म मोठ्यांना सहसा उठवतो. मुलांच्या बाबतीत तो कितीदा तरी निकामी ठरतो. अमेरिकेत ओहायोमधल्या एका बालरुग्णालयाने २००६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या २४ मुलांवर चाचणी केली. गाढ झोपेत असताना एकदा नेहमीचा कर्कश अलार्म वाजवला आणि एकदा नाव घेऊन हाक मारणारा आईचा ध्वनिमुद्रित आवाज. अलार्मने १४ मुलं उठली, आईच्या हाकेने २३. हाक ऐकून उठायला लागलेला मध्यक वेळ २० सेकंदांचा, अलार्मचा तीन मिनिटांचा. आगीत तीन मिनिटं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

ही गोष्ट इथेच थांबवली तर फार गोड वाटते. त्याच गटाचं पुढचं संशोधन सांगतं, की नाव घेतलंच पाहिजे असं नाही आणि आईच हवी असंही नाही. परक्याचा आवाजही जवळपास तेवढंच काम करतो. नेहमीच्या अलार्मचा स्वर सेकंदाला सुमारे ३००० कंपनांचा, फार टिपेचा असतो. ५२० कंपनांचा खालचा, भरीव स्वर मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही जास्त लवकर उठवतो, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉरोथी ब्रक यांच्या कामातून पुढे आलं. म्हणजे अर्थ महत्त्वाचा, आणि आवाजाचा पोतही. कर्कशपणा वाढवला की माणूस हमखास उठतो, ही समजूत मात्र या दोन्हींत बसत नाही. मोबाइलवरचे बहुतेक गजर तरीही तिच्यावरच चालतात.

उठल्यावरही मेंदू एकदम उठत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, गुंगी राहते. निर्णय चुकतात, हात जड असतात. ऑस्ट्रेलियातल्याच एका विद्यापीठाच्या २०२० मधल्या छोट्या अभ्यासात, सुरेल गजराने उठणाऱ्यांनी कर्कश ‘बीप’ने उठणाऱ्यांपेक्षा कमी गुंगी सांगितली. एवढ्यावरून नियम बांधता येणार नाही, पण आपल्याकडच्या जुन्या पहाटेकडे बघायला हा अभ्यास उपयोगी आहे. सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात येऊन जाते आणि पहाटे झोप पातळ होत जाते. वासुदेव येतो तो तेव्हा. त्याचे टाळ आणि चिपळ्या आधी दुसऱ्या आळीतून ऐकू येतात, मग कोपऱ्यावरून, मग दारातून. देवळातली काकडआरतीही लांबूनच कानावर येते. पातळ झोपेला एवढा आवाज पुरतो आणि तो चढत चढत येतो, दचकवत नाही. या पहाटेची आठवण काढून हळहळणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं. जात्याच्या घरघरीत मुलं पुन्हा झोपी जात, हे खरं. पण ते जातं ओढणारी बाई कधी उठलेली असे? तिच्या झोपेचा हिशेब त्या गोड आठवणीत कुणी धरलेला नाही.

गिरणगावातला भोंगा या पहाटेच्या अगदी उलट. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत इतकी माणसं राहत, की एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा होई. भोंगा पाळीवर जाणाऱ्याला बोलवायचा आणि रातपाळी करून नुकत्याच पाठ टेकलेल्यालाही तितक्याच जोराने हलवायचा. पहिल्याला तो पगाराचा आवाज, दुसऱ्याला नुसता घाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, भोंगे गेले. दिवसा झोपणारी माणसं मात्र कितीतरी वाढली : परिचारिका, पोलीस, सुरक्षारक्षक, कॉल सेंटरमधली मुलं, रात्रीच्या गाड्या चालवणारे.

आपला कायदा त्यांना ओळखत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी सुचवलेली रात्रीची मर्यादा ४० होती, पण माझा आक्षेप त्या पाच डेसिबलना नाही. आपली मर्यादा ही सरासरी आहे. पहाटे तीनला गल्लीतून गेलेल्या ट्रकचा प्रेशर हॉर्न कित्येक तासांच्या सरासरीत विरघळून जातो आणि कागदावर रात्र शांत ठरते. झोपलेला मेंदू सरासरी काढत नाही. त्याला तो एक हॉर्न संपूर्ण ऐकू येतो. सण-उत्सवांसाठी वर्षातले १५ दिवस राज्य सरकार ध्वनिक्षेपकांना रात्री १० ते १२ ची सूट देऊ शकतं. लहान मुलांची आणि पहाटे कामाला लागणाऱ्या कष्टकऱ्यांची सगळ्यात गाढ झोप नेमकी त्याच दोन तासांत असते. मुलांच्या वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोटही या पहिल्या गाढ झोपेतच येतो.

न्यायालयांनी झोपेचा हक्क मानला आहे. रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री झालेल्या पोलिसी कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोपेला जगण्याच्या हक्कात जागा दिली. रात्रभर चाललेल्या एका चौकशीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं बजावलं. दोन्ही ठिकाणी झोप मोडणारी सत्ता होती. शेजारचा डीजे आणि रस्त्यावरचा हॉर्न यांच्याविरुद्ध हाच हक्क तितक्या ठामपणे उभा राहताना दिसत नाही, कारण तिथे तक्रारदाराला एकच उत्तर मिळतं : होईल सवय.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात आवाजावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांच्याकडे ना डेसिबलचं माप होतं, ना मेंदूचे आलेख. तरी त्यांनी नोंदवलं, की मोठ्या सलग आवाजापेक्षा दाराबाहेरची कुजबुज रोग्याला जास्त छळते, कारण ती त्याला कान टवकारायला लावते. आणि पहिल्या झोपेतून उठवलेल्या रोग्याला पुन्हा झोप लागणं कठीण. या दोन्ही गोष्टी आजच्या कुठल्याही वॉर्डात लागू आहेत. आपल्या नियमांनी रुग्णालयाभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र आखलं आहे, पण भिंतीच्या आत काय करायचं ते कुणी सांगितलेलं नाही. स्ट्रेचरच्या चाकांना तेल घालणं, अत्यवस्थ नसलेल्यांचं रात्रीचं तापमान-रक्तदाब पाहणं त्यांच्या पहिल्या झोपेच्या आधी उरकणं, मॉनिटरचे निरर्थक गजर बंद ठेवणं, खाटांमध्ये उभं राहून होणारी पाळीबदलाची चर्चा बाहेर नेणं. यातल्या कशालाही वेगळा निधी लागत नाही, आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटी-पत्रकापासून हे सुरू करता येतं.