दुसऱ्याच्या वाटेस जाणें

मराठी भाषेनें वाटेविषयीं जेवढा विचार करून ठेविला आहे, तेवढा नीतिशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत आम्हांस आढळला नाहीं. सरळमार्गी माणूस चांगला, आडमार्गाला लागलेला वाईट; वाट चुकलेला दयेस पात्र, आणि दुसऱ्याच्या वाटेस जाणारा दंडास पात्र. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला असतां, गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित कुटुंबांतील तरुण, आणि तरुणच नव्हेत तर पन्नाशी उलटलेले गृहस्थहि, हौसेनें व पदरचे पैसे खर्चून आडवाटेस लागूं लागले आहेत. रविवारीं पहाटे जाड चाकांच्या सायकली मोटारीच्या मागें बांधून ते डांबरी रस्ता संपेल तेथपर्यंत जातात, आणि तेथून पुढें त्यांची खरी सहल सुरू होते. हा व्यायाम प्रकृतीस कितपत हितकर, हा प्रश्न डॉक्टरांचा. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या वाटेवर हे लोक चाक घालतात ती वाट कोणाची, आणि केवळ आनंदासाठीं तिच्यावरून जाण्याचा अधिकार त्यांस कोठून आला?

हा प्रश्न हवेंत सुटण्याजोगा नाहीं, म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें धरूं. पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून साठ किलोमीटरांच्या आसपास, दौंड तालुक्यांतील पाटस हें गांव आहे. तेथें रेल्वेचें स्टेशन आहे, साखर कारखाना आहे, ऊस आहे. आणि दक्षिणेच्या बाजूस वळलें कीं रोटीचा घाट व त्याच्या पलीकडे पसरलेला माळ. दरसाल वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसवरून या घाटानें चढते आणि उंडवडी गवळ्याची येथें जाते. २०२१ सालीं ज्या पालखीमार्गाची पायाभरणी झाली तोहि पाटसपासूनच निघतो, व त्याच्या दोन्ही अंगांस पायीं चालणारांसाठीं निराळी वाट राखण्याचें योजनेंत ठरलें होतें. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा दौंड-इंदापुराकडे जातो, त्याच्या काठची मातीची वाट वेगळीच. हमरस्ता, लोहमार्ग, पालखीची वाट, बैलगाडीची चाकोरी आणि मेंढरांची पाउलवाट, अशीं वाटेचीं इतकीं रूपें एका टापूंत क्वचितच पाहावयास मिळतात.

या हौसेचा इतिहास सांगणारे कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवितात. तेथें टॅमल्पायस नांवाच्या डोंगरावरून कांहीं उनाड तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली खालीं सोडीत, आणि १९७६ सालीं त्यांनीं त्याची शर्यत लाविली. उतारावर मागच्या चाकांतला ब्रेक इतका तापे कीं आंतलें वंगण जळून धूर निघे, व तें पुन्हां भरावें लागे; त्यावरून शर्यतीचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. पुढें वीस वर्षांनीं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत, या उनाडपणास पदक मिळूं लागलें. इंग्लंडांत तर १९५५ सालींच खडबडीत वाटांनीं सायकल नेणारांची एक मंडळी स्थापन झाली होती. आमच्या मतें हा इतिहास अर्धा आहे. दोहों बाजूंस दुधाचे कॅन अडकवून मळ्यांतून गांवांत येणारा दूधवाला, मागें कडब्याच्या पेंढ्या बांधून चाकोरींतून जाणारा शेतकरी, पावसाळ्यांत सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडणारा शाळामास्तर, यांनीं बिनगिअरची काळी सायकल जेथें जेथें नेली तेथें न्यावयास आजच्या खेळाडूस आधीं शिकवणी लावावी लागते. त्यांना कोणी पदक दिलें नाहीं, कारण ते कामावर निघाले होते. काम म्हणून जें केलें तें कष्ट, आणि तेंच रिकामपणीं केलें तर क्रीडा, हा भेद आम्हांस कधींच नीटसा पटलेला नाहीं. पण तो आहे, आणि पुढील सारा प्रश्न त्यांतूनच उद्भवतो.

नवशिक्यासाठीं चार व्यावहारिक गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. टायर दोन इंच रुंदीचा किंवा त्याहून जाड असावा, व त्यांत हवा डांबरी रस्त्याच्या मानानें कमी भरावी, म्हणजे तो खड्यांवर उसळण्याऐवजीं त्यांना धरून चालतो. मात्र हवा फारच कमी झाली तर दगडाचा मार थेट धांवेवर बसतो. उतारावर बैठक थोडी खालीं घ्यावी, अंगाचा भार मागें न्यावा, कोपर सैल ठेवावें, आणि पुढचा ब्रेक एकदम आवळूं नये. आरंभ कालव्याच्या काठासारख्या सपाट वाटेवर करावा. ती वाट पाटबंधारे खात्याच्या कामाची असते, तेव्हां तिच्यावर आपण पाहुणे आहों हें ओळखावें. शिवाय या बाजूस बाभूळ आणि सराटा यांची गांठ पडल्यावांचून राहत नाहीं. ट्यूबमध्यें भोक बुजविणारा चिकट द्रव घालून ठेवणें, एक जादा ट्यूब व पंप जवळ बाळगणें, हें तेथें चैनीचें नसून गरजेचें आहे. सराट्याच्या एका काट्यापुढें लाख रुपयांची सायकल आणि दूधवाल्याची सायकल सारख्याच खालीं बसतात.

वाट कशी शोधावी हें याहून कठीण, आणि नीतीचा विषय येथेंच सुरू होतो. भूमिअभिलेखांच्या गांवनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनें व पायवाट एकेरी तुटक रेषेनें दाखविलेली असते. पण नकाशांतील वाट नांगराखालीं गेलेली, व नकाशांत नसलेली वाट रोज तुडविली जाणारी, असें गांवोगांव दिसतें. वाटेवरून भाऊबंदांत जेवढीं भांडणें होतात तेवढीं क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. वहिवाटीच्या वाटेंत कोणीं अडथळा केला तर तो दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानें तहसीलदारास दिलेला आहे, आणि तालुक्याच्या कचेरींत असे दावे आजहि चालतात. ‘वहिवाट’ या शब्दाच्या पोटांतच वाट बसलेली आहे. वापर आणि हक्क हे दोन अर्थ आमच्या भाषेनें एका शब्दांत कोंबले. म्हणून शहरांतून आलेल्या माणसानें बांधावरून सायकल नेली, कीं तो आपल्या नकळत एका जुन्या दाव्यांत पक्षकार होतो. शेतकऱ्याच्या मनांत येतें, आज हा गेला, उद्यां दहा जातील, आणि परवां माझ्या बांधावर वहिवाट सिद्ध होईल. ही भीति आम्ही अवास्तव म्हणणार नाहीं.

तेव्हां वाट विचारावी. ‘ही वाट कोठें जाते?’ असें माळावर कोणास विचारून पाहावें; उत्तर दिशेंत किंवा अंतरांत मिळत नाहीं. ती अमक्याच्या वस्तीवर जाते, तमक्याच्या विहिरीपाशीं फुटते, पलीकडे देवळाजवळ संपते. गांवकऱ्याच्या लेखीं वाट ही माणसांना जोडणारी गोष्ट आहे, आणि मोबाइलच्या पडद्यावरील निळ्या रेघेंत नेमकीं तीं माणसेंच गाळलेलीं असतात.

सतराव्या शतकांत लॉकनें असें प्रतिपादिलें कीं, मनुष्य ज्या वस्तूंत आपले श्रम मिसळतो ती त्याची होते. शेताला हें लावून पाहिलें तर ठीक बसतें. पाउलवाटेला लाविलें तर सिद्धांत डगमगूं लागतो. कारण पाउलवाटेंत हजारों माणसांचे, मेंढरांचे व बैलांचे श्रम मिसळलेले आहेत, आणि त्यांपैकीं एकानेंहि ‘मी वाट करतों आहें’ असें मनांत आणलेलें नाहीं. शिवाय शेत सर्वांनीं वापरलें तर मोडतें, तर वाट कोणींच वापरली नाहीं तर मोडते. दोन पावसाळ्यांत तिच्यावर गवत चढतें. या न्यायानें सायकलस्वार वाटेचा उपकारकर्ताच ठरावा! कांहीं उत्साही मंडळी असा युक्तिवाद करतातहि. पण पाउलाची आणि चाकाची खूण एक नव्हे. भिजलेल्या काळ्या जमिनींतून चाक गेलें कीं सलग चर पडतो, पुढच्या पावसाचें पाणी तोच चर धरून धांवतें, आणि वाटेची ओघळ होते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर माळ वाळेपर्यंत घरीं बसणें, हा आम्ही या खेळाचा पहिला नियम मानतों.

सार्वजनिक कुरणाचा नाश अटळच असतो, असें गॅरेट हार्डिन यांनीं १९६८ सालीं लिहिलें व तें फार गाजलें. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं जगभरचीं कुरणें, कालवे व मासेमारीचीं पाणीं तपासून दाखविलें कीं, वापरणारे लोक आपसांत नियम करून व पाळून तीं पिढ्यान्‌पिढ्या टिकवितात. त्याबद्दल २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आम्हांस ऑस्ट्रॉम यांचें म्हणणें अधिक पटतें. मात्र त्यांत एक अट गृहीत आहे. नियम करणारे तेथेंच राहणारे असतात. सकाळीं येऊन दुपारीं परत जाणारा मनुष्य त्या पंचायतींत बसत नाहीं. मग त्याला बांधणारा नियम कोणता?

योगायोग असा कीं त्याच १९६८ सालीं इंग्लंडांत एक कायदा झाला, आणि त्यानें सायकलस्वारांस घोडेवाटांवरून जाण्याची मुभा दिली. मुभेला अट जोडिली ती ही, कीं पायीं चालणारास व घोडेस्वारास त्यांनीं आधीं वाट द्यावी. एका ओळीची ही अट आम्हांस मोठमोठ्या प्रबंधांहून मोलाची वाटते. कोणी म्हणेल, वारकरी तरी कोणत्या कामासाठीं रोटीचा घाट चढतो? त्यास आनंदाचा हक्क आहे, तर सायकलवाल्यास कां नसावा? हक्क आहेच, आनंद हें हलकें प्रयोजन आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वारकरी वाटेवरील सर्वांत सावकाश चालणारा आहे, त्याच्यामुळें कोणास बाजूला उडी मारावी लागत नाहीं. जो जितका वेगानें जातो तितका त्याचा हक्क मागचा, असाच क्रम वाटेवर असला पाहिजे. हमरस्त्यावर याच्या नेमका उलटा क्रम चालतो, हें काय सांगावयास पाहिजे!

धनगराच्या मेंढरांचा कळप समोर आला तर सायकलवरून उतरावें. धांवत्या चाकावर कुत्रीं तुटून पडतात. उतरून सायकल हातानें नेणाऱ्या माणसाकडे तीं बहुधा नुसतीं भुंकतात. येथें सुरक्षितपणा व सभ्यता यांचा मार्ग एकच आहे.

माळाविषयीं आणखी एक गैरसमज आहे. सरकारी दप्तरानें अशा जमिनीस पडीक म्हटलें, व आम्ही शहरवासी तेंच खरें मानून चाकोरी सोडून वाटेल तेथें चाक घालतों. पाटसच्या दक्षिणेस सुप्याजवळ अवघ्या पांच चौरस किलोमीटरांचें मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालीं झालें, तें याच ‘पडीक’ माळावरच्या चिंकाऱ्यांसाठीं. तेथें परवानगीवांचून जातां येत नाहीं. पण पक्षी कांहीं अभयारण्याची हद्द पाहून घरटें करीत नाहींत. माळटिटवी उन्हाळ्यांत उघड्या जमिनीवर अंडीं घालते, तीं खड्यांसारखीं दिसतात, आणि नेमका तोच कोरडा हंगाम सायकलस्वारास मानवतो. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालूं लागली तर मागें फिरावें.

राहतां राहिला तो प्रश्न सर्वांत अवघड. चांगली वाट सांपडली तर ती इतरांस सांगावी कीं नाहीं? लपवून ठेवणें म्हणजे आपण आधीं आलों एवढ्याच जोरावर मालकी सांगणें. जी वाट आपणांस कोणी तरी विश्वासानें दाखविली तिच्यावर हा दावा शोभत नाहीं. उलट तिची रेघ मोबाइलवर सर्व जगास उघडी केली, तर महिन्याभरांत त्या वस्तीसमोरून पन्नास अनोळखी माणसें जाऊं लागतील, आणि त्यांतील एकहि ती कोणाच्या विहिरीपाशीं फुटते हें विचारणार नाहीं. नकाशा उघडा करावा तो सरकारी रस्त्यांचा व कालव्याच्या काठाचा. वस्तीवरून जाणारी वाट मात्र माणसानें माणसास बरोबर नेऊनच दाखवावी, असें आमचें मत आहे. मंडळी वाढूं लागली तर ज्या घरापुढून वाट जाते तेथें जाऊन विचारावें, कीं काका, पुढच्या रविवारीं आणखी चौघे आले तर चालेल का? काका कदाचित्‌ नको म्हणतील. कदाचित्‌ म्हणतील, या, पण ज्वारी निघाल्यावर या.